अर्ध्या सेकंदातला नकार

दोन माणसे बोलत असतात. एकाचे बोलणे संपते, दुसऱ्याचे सुरू होते. मध्ये किती वेळ जातो? सरासरी २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. एखादे चित्र दाखवून ‘हे काय?’ असे विचारले तर नुसते नाव ओठांवर यायला याच्या जवळपास तिप्पट वेळ लागतो. मग बोलण्याच्या ओघात उत्तर इतक्या चटकन येते तरी कसे? कारण ऐकणारा नुसता ऐकत नसतो. समोरच्याचे वाक्य कुठे जाऊन थांबणार याचा अंदाज तो वाक्य चालू असतानाच बांधतो, आपले उत्तर आधीच जुळवतो आणि नेमक्या क्षणी तोंड उघडतो. दिवसातून शेकडो वेळा आपण हे करतो आणि करत आहोत याचा आपल्याला पत्ताही नसतो.

२००९ साली भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने दहा भाषांमधले संभाषण असे सूक्ष्मपणे मोजले. त्यांत जपानी, कोरियन, डॅनिश, लाओ होत्या आणि मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांची त्सेल्तालही होती. खंड वेगळे, चालीरीती वेगळ्या, पण प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर सगळीकडे त्याच अरुंद पट्ट्यात राहिले. शिवाय आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. होकार लवकर येतो, नकाराला उशीर लागतो.

हा उशीर ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. इंग्रजी, इटालियन आणि जपानी बोलणाऱ्यांना एका प्रयोगात विनंती आणि तिला मिळालेला होकार यांची ध्वनिमुद्रणे ऐकवली गेली. शब्द तेच, आवाज तोच, फक्त मधली शांतता लांबवत नेलेली. शांतता वाढली तसे तिन्ही भाषांचे लोक एकाच निष्कर्षाकडे झुकले: याच्या मनात नाही. तोंडाने ‘हो’ म्हटले जात होते आणि ऐकणारे त्या ‘हो’च्या आधीचा अर्धा-एक सेकंद वाचत होते. माणसाच्या मेंदूची ही करामत पहिल्यांदा वाचली की थक्क व्हायला होते. नकार ऐकायला आपल्याला ‘नाही’ हा शब्द लागतच नाही.

गोव्यात पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या कुठल्याही कॉलेज कॅन्टीनमध्ये हे रोज घडताना दिसेल. “संध्याकाळी हरमलला जाऊया?” असे एक मैत्रीण विचारते. दुसरी क्षणभर थांबते, “अगो, म्हणजे...” अशी सुरुवात करते, “आयज घरा काम आसा, मागीर पळोवया” म्हणते. पहिलीला पूर्ण कळते. ती आग्रह करत नाही, ‘पण तू नाही कुठे म्हणालीस?’ असे तर मुळीच विचारत नाही. नकार देण्याची ही सभ्य रीत जगभर आहे: थोडे थांबायचे, थोडे गोड बोलायचे, एखादे कारण पुढे करायचे, उद्यावर ढकलायचे. तोंडावर थेट ‘नाही’ फेकणे बहुतेक समाजांत उद्धटपणाच मानला जातो.

आता हाच प्रसंग थोडा बदलू. विचारणारा मुलगा आहे, विचारली जाणारी मुलगी आहे आणि विचारणे मैत्रीच्या पलीकडचे आहे. मुलगी तशीच थांबते, तशीच अडखळते, तेच कारण देते. आणि अचानक सगळा समाज म्हणू लागतो की तिने स्पष्ट सांगायला हवे होते.

सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या ब्रिटिश संशोधिकांनी १९९९ साली नेमके यावर बोट ठेवले. मुलींना ‘ठामपणे नाही म्हणायला शिका’ असे सांगणारी शिबिरे तेव्हा जोरात होती. त्या दोघींनी विचारले की माणसे रोजच्या व्यवहारात जसा नकार देतात तसाच मुलीही देतात, तो नकार बाकी सगळीकडे समजतो, मग इथेच तो अपुरा कसा ठरतो? पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियात तरुण मुलांबरोबर गटचर्चा झाल्या. मुलगी इच्छुक नाही हे कसे ओळखता, असे विचारल्यावर मुलांनी धडाधड खुणा सांगितल्या. थेट ‘नाही’ न म्हणता दिलेली सबब असो की देहबोलीतला बदल, या खुणा त्यांना नीट कळत होत्या. पण बोलणे बलात्काराकडे वळताच तीच मुले म्हणू लागली की मुली नीट सांगत नाहीत, म्हणून गैरसमज होतो.

तरुण मुलींच्या बाबतीतल्या या सगळ्या चर्चेचे मूळ इथे आहे असे मला वाटते. मुलांना नकार समजत नाही, हे खरे नाही. तो त्यांना समजतो. तो मोजायचा नाही, हे मात्र त्यांना शिकवले जाते.

हे शिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात नसते, ते हवेत असते. मुलगी हसली तर ‘पटली’, गप्प राहिली तर ‘लाजते’, रागावली तर ‘भाव खाते’. नकार दिला तर ‘अजून प्रयत्न कर’, होकार दिला तर ‘चालू आहे’. तिचा फोटो न विचारता काढायचा, ग्रुपवर टाकायचा, त्यावर गुण द्यायचे. कार्यक्रमात भाषण मुलांनी करायचे आणि आरतीचे तबक घेऊन दारात मुलींनी उभे राहायचे. सहलीसाठी पालकांचे पत्र मुलींकडूनच मागायचे. वर्गात एखादीने उलट प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून हुंकार काढायचा. सुटी सुटी घेतली तर यातली प्रत्येक गोष्ट किरकोळ म्हणता येईल. पण तीन-चार वर्षे रोज हेच पाहणाऱ्या मुलाला एक धडा पक्का मिळतो: मुलीच्या मनात काय आहे हे तिच्यावरून ठरत नाही, आपल्यावरून ठरते. नकाराच्या खुणा वाचण्याचे कौशल्य हा धडा पुसू शकत नाही, पण ते वापरण्याची गरज मात्र तो पुसून टाकतो.

मुलीला मिळणारा धडा वेगळा असतो. पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या नव्या काबिजादीतले तालुके, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आलेले. उच्च शिक्षण इथे फार उशिरा पोचले. आज विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे, साखळीलाही शासकीय महाविद्यालय आहे. मांद्रे, पालये, लाटंबार्से, मये अशा गावांतून मुली तिथे येतात. तेरेखोलच्या मुलीला तर आधी फेरीबोटीने नदी ओलांडून केरीला यावे लागते. घराण्यात पदवीपर्यंत पोचणारी ती पहिलीच असेल, तर तिच्या शिक्षणाच्या मागे घरातल्या सगळ्यांची परवानगी एखाद्या धाग्यावर तोललेली असते. बसमध्ये कुणी त्रास दिला, वर्गातला कुणी मागे लागला, तर तिच्यापुढे पहिला प्रश्न ‘तक्रार कुठे करू’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, घरी कळले तर कॉलेज बंद होईल का? सकाळी वेळेवर पोचवणारी बस एकच, वर्ग एकच, गाव लहान, आडनावे ओळखीची. नकार दिल्यावर तो मुलगा, त्याचे मित्र, त्याचे नातेवाईक उद्याही तिथेच असणार आहेत.

म्हणून संमतीबद्दल बोलताना नकाराची किंमत आधी मोजायला हवी. जिथे ‘नाही’ म्हटल्याने नाव खराब होते, गुण जातात, शिक्षण थांबते, तिथे मिळालेल्या ‘हो’मधला किती भाग इच्छेचा आणि किती भीतीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या मुलीलाही नाही. मनापासूनचा होकार ही नुसती दोन व्यक्तींमधली गोष्ट नाही. तो रुजायला नकार स्वस्त असलेली जमीन लागते.

भीतीचे शरीरावर काय होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. संकटात प्राणी पळतो किंवा लढतो, एवढेच आपण शाळेत शिकतो. पण कोंबडी, ससा, अगदी शार्कसुद्धा तिसरे काहीतरी करतात. सुटकेचा मार्ग उरला नाही की शरीर जागच्या जागी थिजते. स्नायू ताठरतात, आवाज फुटत नाही, भोवतालचे मात्र सगळे जाणवत असते. हे ठरवून होत नाही, मेंदूतली फार जुनी यंत्रणा ते घडवते. माणसातही ती आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले, ४८ टक्के स्त्रियांत ते टोकाचे होते. आणि जिचे शरीर थिजले होते, तिला पुढच्या महिन्यांत मानसिक आघाताचा त्रास होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. ‘मी ओरडले का नाही?’ हा प्रश्न अशा कित्येकजणी स्वतःला आयुष्यभर विचारत राहतात. त्यांना सांगायला हवे की तुझ्या शरीराने तुला वाचवण्याची त्याला माहीत असलेली शेवटची गोष्ट केली.

हे विज्ञान कळण्याच्या कितीतरी आधी आपल्या मराठी मुलखात याच प्रश्नावर लढाया झाल्या होत्या. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. मुलीने संमती देण्याच्या वयाच्या आधीच लावलेले लग्न तिच्यावर लादता येणार नाही, अशा अर्थाचा निकाल १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दिला. अपिलात तो फिरवला गेला आणि १८८७ मध्ये दुसऱ्या निकालाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. बावीस-तेवीस वर्षांच्या या मुलीने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला रुग्णसेवा केली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, त्यात वय दहावरून बारावर गेले आणि तेवढ्यासाठीही केवढे वादळ उठले. एका मुलीने ‘मला विचारलेच नव्हते’ असे म्हणणे त्या काळाला धर्म बुडवण्यासारखे वाटले होते.

पुढचा टप्पा विदर्भातला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हे ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. भीतीने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, याला महत्त्व देऊन त्यांना सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला विद्यापीठातल्या शिक्षकांनी समजावून सांगितला, याचा आज कुठल्याही विद्यार्थ्याला अभिमान वाटायला हवा. त्या पत्रातून आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

२०१३ मध्ये तो पुन्हा बदलला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात आहे. त्यात संमतीची व्याख्या आहे: स्त्रीने शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य कुठल्याही रीतीने, त्या विशिष्ट कृतीसाठी, स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दर्शवलेली तयारी. आणि तिने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती संमती मानता येत नाही. ‘त्या विशिष्ट कृतीसाठी’ हे शब्द जपून वाचायला हवेत. बरोबर चहाला येणे, मोटरसायकलवर मागे बसणे, चुंबनाला हो म्हणणे, यांतल्या कशातूनही पुढच्या गोष्टीची परवानगी मिळत नाही. ७८ वे कलम पाठलागाचे आहे. मुलीने स्वारस्य नसल्याचे स्पष्ट केल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे, तिच्या मागे मागे जाणे, तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. आणि अठराच्या आतल्या व्यक्तीची संमती कायदा संमती मानतच नाही. पहिल्या वर्षाला येणाऱ्या कित्येकजणी जूनमध्ये सतरा वर्षांच्याच असतात, हे त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

कायदा किमान मर्यादा आखतो. मनापासूनचा होकार त्याच्या खूप पुढे जातो. इथे ‘ती नाही म्हणाली का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘तिला हे हवे आहे का?’ हा पुढे येतो. अमेरिकेत अँटिऑक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९१ साली असा नियम करून घेतला की प्रत्येक पायरीवर विचारायचे आणि होकार मिळाला तरच पुढे जायचे. देशभर त्यांची टिंगल झाली. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या महाविद्यालयांसाठी तेच तत्त्व कायद्यात आणले. २०१८ मध्ये स्वीडनने आणि २०२२ मध्ये स्पेनने साऱ्या देशाच्या कायद्यात स्वेच्छेचा स्पष्ट होकार हीच कसोटी केली. एका लहान कॉलेजमधल्या विद्यार्थिनींचा हट्ट तीस वर्षांत देशांचा कायदा झाला.

हे सगळे परदेशी वाटत असेल तर पेडणे-डिचोलीच्या देवळांत पाहावे. इथे कुठलेही मोठे काम करण्याआधी देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि थांबतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि पाकळी पडलीच नाही तर? तर काम पुढे जात नाही. माणसे तासन्‌तास बसून राहतात, प्रश्न बदलून विचारतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. देव गप्प आहे म्हणजे त्याची संमतीच आहे, असे म्हणून कुणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही. मौनाला होकार न मानण्याची शिस्त या मातीत शतकानुशतके पाळली गेली आहे. मुलीच्या लग्नासाठीही कौल लावला जातो. ज्या श्रद्धेने देवाला विचारले जाते, त्याच श्रद्धेने मुलीला विचारले, तिच्या उत्तरासाठी तितकेच थांबले, तर परंपरेतले काही मोडत नाही. परंपरेची शिस्त फक्त जिवंत माणसापर्यंत पोचते.

गोव्याच्या नागरी कायद्यातही असाच एक सुंदर तपशील आहे. पोर्तुगीज काळापासून इथे लग्नाची नोंदणी सक्तीची आहे आणि ती दोन सह्यांनी होते. वधूवर नागरी निबंधकापुढे येऊन पहिली सही करतात, हरकतींसाठी काही दिवस जातात, मग पुन्हा येऊन दुसरी सही करतात. पहिल्या सहीने लग्न लागत नाही. म्हणजे एकदा दिलेला होकार पुन्हा विचारला जातो, मधल्या दिवसांत मन बदलायला जागा राहते. पण दुसऱ्या सहीनंतर कायदा विचारणेच थांबवतो. अठरा वर्षांवरच्या पत्नीशी नवऱ्याने बळजबरी केली तर तो बलात्कार नव्हे, हा अपवाद ६३ व्या कलमात अजून शाबूत आहे. रखमाबाईंनी उभा केलेला प्रश्न एकशेचाळीस वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही. म्हणूनच तो लग्नाच्या आधी, कॉलेजच्या वयात, नीट शिकून घ्यायला हवा.

कसा? विचारायला लागणारे शब्द साधेच आहेत. ‘तुला आवडेल का?’ ‘थांबू का?’ ‘अजून बरे वाटते ना?’ उत्तर लगेच आले नाही तर ती शांतता हेच उत्तर समजायचे आणि थांबायचे. नशेतल्या व्यक्तीला विचारायचेच नाही. जिचे गुण, हजेरी किंवा नोकरी आपल्या हातात आहे तिला तर नाहीच, कारण तिचा नकार स्वस्त नसतो. आणि होकार कधीही मागे घेता येतो, अर्ध्यावरही. यात मुलांचे काहीच हिरावले जात नाही. उलट आपण कुणाला तरी खरोखर हवे आहोत हे तिच्याच तोंडून कळण्याचा आनंद त्यांना मिळतो. दबावाने मिळवलेल्या ‘हो’मध्ये तो आनंद कधीच नसतो, आणि तो नसल्याची जाणीव मिळवणाऱ्यालाही कुठेतरी असते.

संस्थेचे कामही लेखी ठरलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी, तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ शिक्षिका हवी, किमान निम्मे सदस्य स्त्रिया हव्यात आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीच्या परीक्षेचे किंवा कामाचे मूल्यमापन जिच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीकडे राहू नये, अशी सोयही त्यात आहे. सुरक्षेचे कारण पुढे करून वसतिगृहात मुलींवर मुलांहून वेगळी बंधने घालू नयेत, हेही तिथेच लिहिले आहे. नियम करणाऱ्यांना नकाराची किंमत कळली होती, हे या तरतुदी वाचताना जाणवते. त्यांनी ती एकेक करून कमी केली आहे. जूनमध्ये नवे वर्ष सुरू होताना या समितीची नावे आणि फोन नंबर प्रत्येक वर्गात वाचून दाखवायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे दिली गेली की नाही, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थिनीला आहे, तिच्या आईवडिलांनाही आहे.

घरानेही एक वचन द्यायला हवे: तू त्रासाबद्दल सांगितलेस म्हणून तुझे शिक्षण थांबणार नाही. हे एक वाक्य मुलीने आधीच ऐकलेले असेल तर तिचा नकार निम्म्याने हलका होतो.

मग एखादे महाविद्यालय या परीक्षेत उतरले की नाही, हे कशावरून ठरवायचे? भिंतीवरच्या फलकांवरून नको, व्याख्यानांच्या संख्येवरूनही नको. सोमवारी एखाद्या मुलीने कुणाला ‘नाही’ म्हटले, तर मंगळवारी ती त्याच फेरीबोटीने, त्याच बसने, त्याच बाकावर येऊन बसली पाहिजे. तिच्याबद्दल कुणी काही बोललेले नसले पाहिजे, तिचा एकही गुण कमी झालेला नसला पाहिजे. नकाराने तिचा दिवस तसूभरही बदलला नाही, असे जिथे होईल तिथेच कुणाचा तरी ‘हो’ खरा मानता येईल.